लिंबाखालच्या चपला

निकिताचं पत्र जूनमध्ये आलं होतं. दिवाळी होऊन गेली तरी दत्तरावांनी उत्तर दिलं नव्हतं. आता ते सोनपेठजवळच्या तिच्या शाळेच्या फाटकाशी उभे होते. आत जावं की परतीची एसटी धरावी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

पत्र साधं होतं. 'सर, पाचवीतल्या राजेश्रीला दिसत नाही. खेळाच्या तासाला ती लिंबाखाली सगळ्यांच्या चपला राखत बसते. चपलाच राखायच्या तर शाळेत कशाला येऊ, असं आता म्हणायला लागली आहे. तिला खेळता येईल असं काही आखून द्या. तुम्ही आम्हाला शिकवलंत, तुम्हाला जमेल.'

त्यांना जमलं नव्हतं. निवृत्त क्रीडाशिक्षकाच्या घरात असतील तेवढी पुस्तकं त्यांनी चाळली. पुस्तकांत घुंगरांचे चेंडू होते, गुळगुळीत मैदानं होती, प्रत्येक मुलामागे एक मदतनीस होता. शाळेत काळ्या मातीचं पटांगण होतं आणि एकटी निकिता. दत्तराव आराखडा लिहीत आणि फाडून टाकत. आपल्या कागदावर विसंबून पोरगी पडली तर? आज ते एवढंच सांगायला आले होते, की मला हे जमणार नाही, दुसऱ्या कुणाला विचार.

पटांगणात कबड्डी चालू होती. निकिता शिट्टी घेऊन रेषेवर उभी होती. लिंबाखाली चपलांच्या ढिगाजवळ दोन वेण्यांची मुलगी मान कलती करून बसली होती. महारुद्र नावाचा सहावीतला दांडगा मुलगा चढाईला गेला आणि दोघांना शिवून परत आला.

"बाद! ए महारुद्र, दम तुटला तुझा!" मुलगी ओरडली. "मधी गप झालतास तू."

"तुला काय दिसायलंय गं, चपलावाले?"

"दिसंना. पर ऐकू यायलंय की."

"टीव्हीवर कुठं वरडत्यात? मनातच म्हणत्यात."

पोरं हसली. निकिताही हसली आणि गुण देऊन मोकळी झाली. दत्तराव मात्र फाटकाच्या आत आले होते. कितीतरी सामने त्यांनी पंच म्हणून पाहिले होते. चढाई करणाऱ्यानं 'कबड्डी कबड्डी' सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणायचं, हा तर खेळाचा प्राण.

"निकिता, तिला साखळीत घे." नमस्कार-चमत्कारही राहून गेले.

"सर, तुम्ही! अहो, पण पडली तर?"

स्वतःचीच भीती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, तेव्हा ती बरीच लहान वाटली. "पडेल," ते म्हणाले. "बाकीचे पडत नाहीत का?"

राजेश्री साखळीच्या मधोमध उभी राहिली, दोन्हीकडचे हात धरून. महारुद्र पुटपुटत आला. दत्तरावांनी निकिताची शिट्टी घेऊन वाजवली.

"परत जा. ऐकू आलं नाही."

तो पुन्हा आला. पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा तो चिडून, गाव गोळा होईल असा ओरडत आला. राजेश्रीची मान त्या आवाजाबरोबर वळत गेली. तो डावीकडून आत घुसला आणि तिनं हात सोडवून त्याच्या कमरेला मिठी घातली. दोघं मातीत. बाकीचे वरून पडले. ढिगाखाली कुणी रडतंय की हसतंय, ते कळेना.

मग राजेश्री गुडघा झाडत उठली. "मॅडम, ह्यो तर सोताच सांगत येतोय कुठं हाय त्ये!"

"लागलं का गं?"

"लागलं. पर सोडलं न्हाई त्याला." तिनं लिंबाकडे मान वळवली. "आता चपला कोण राखंल?"

"राहू दे," निकिता म्हणाली. "चालायला लागल्या तर बघू."

दत्तरावांनी कितीतरी महिन्यांनी छातीभर श्वास घेतला.

निकिताशी सगळं बोलून झालं होतं. तरी सोनपेठला गाडी बदलताना त्यांनी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि उभ्या उभ्याच तिच्या जूनच्या पत्राचं उत्तर लिहिलं, 'राजेश्रीसाठी एकही नियम बदलायचा नाही. जो आहे तो बाकीच्यांनी पाळला की पुरे.' पुन्हा वाचून बघायचा मोह त्यांना झाला. तो आवरून त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.