ली जाणे

ये, जवळ सरकून बस. उकडतंय तर उकडू दे, गोष्टही तशीच तापलेली आहे. टेकडीवरच्या चॅपलात एल्वानीने प्रवचन गाता गाता देवाला काय विचारलं, ते सांगते.

शवपेटीत एल्वानीचा मुलगा फेनेल नव्हता. त्याचा निळा सदरा होता, इस्त्री केलेला. हैती सोडून मायामीला निघालेली त्याची होडी बुडाली. समुद्राने मुलगा परत दिला नाही, म्हणून आईने त्याचा सदरा आणला. पास्टर मोंफोर एकेक ओळ सांगत होते आणि एल्वानी, दर रविवारी गाते तशी, ती उचलून आळवत होती. पोटचा मुलगा गेला तरी तिची जागा दुसरं कोण घेणार? त्या गळ्यासाठी लोक डोंगर उतरून येतात.

"देवाने जग हातात धरलं," पास्टर म्हणाले.

"लीने जग हातात धरलं," एल्वानीने सूर लावला.

"आमेन," बाकांवरून उत्तर आलं.

"देव कुणाला सोडत नाही."

एल्वानीने तोंड उघडलं, पण ती ओळ काही बाहेर आली नाही. "आई गं!" ती ओरडली. बायकांना वाटलं, मेलेल्या आईला हाक मारतेय. दोघी सावरायला उठल्या. तेवढ्यात तिने मान वर केली. "आई, तूच ना जग हातात धरलंस? मग माझा फेनेल तुझ्या हातून निसटलाच कसा?"

पास्टरांनी हात वर केला. गाणं थांबलं.

"कुणाशी बोलतेस?"

"देवाशी."

आता आपल्या क्रेऑलमध्ये 'ली' म्हटलं की त्यात तो आला, ती आली, ते आलं; यातलं कोण, ते विचारायची वेळच येत नाही. एल्वानी इतकी वर्षं 'ली' म्हणत गायली आणि ऐकणाऱ्याने आपापला देव ऐकला.

"म्हणजे इतकी वर्षं तू..."

"हो. आईच."

"मी तर मिशीवाला धरून चाललो होतो," मागच्या बाकावरून नेरेस्तांकाका पुटपुटले.

"काका, गप बसा हो!" कुणीतरी दटावलं.

पास्टरांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "बाईच्या नावाने हाक मारायची ती डोंगरातल्या वूडू करणाऱ्या ढोलवाल्यांची दैवतं. आज इथे 'आई' आली, तर उद्या तिच्यामागून ढोल येतील. पुस्तकात पिता लिहिलंय. देवबापा म्हण. नाहीतर मी पुस्तक मिटतो. मग पुरा तो सदरा तसाच, प्रार्थनेशिवाय."

प्रार्थनेशिवाय मातीत गेलेल्याला विसावा मिळत नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. एल्वानीची बहीण क्लोमेन तिचा दंड धरून रडायला लागली. "म्हण की गं ताई. एक शब्द तर आहे. तुझ्या हट्टापायी त्याला असाच पाठवणार आहेस का?"

एल्वानीने रुमालाने तोंड पुसलं. सरळ उभी राहिली.

"देवबापा," ती म्हणाली. आवाज एकदम शहाणा झाला, कचेरीत साहेबापुढे उभं राहिल्यासारखा. "देवबापा, आपण बरे असाल. माझा मुलगा आपल्याकडे आला असेल, तर जरा लक्ष असू द्या. तसदी दिली, माफ करा."

आणि थांबली.

"झालं?" तिने पास्टरांना विचारलं. "बापाशी मला एवढंच बोलता येतं. याचा बाप हा पोटात असतानाच सोडून गेला. मी कधी रागावले? बाप जातात. पण आईला जायची सोय नसते, पास्टर. तिला उत्तर द्यावं लागतं!"

"देव आपल्या घरच्या माणसांवरून ओळखायचा नसतो, एल्वानीबाई."

"मग कुणाच्या घरच्यांवरून ओळखू? तुमच्या?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला पुस्तकातून कळला असेल, मी कुठे नाही म्हणते? मला या पोटातून कळला. तेवढाच कळला. आणि तुम्ही सांगताय तसा देव बाप असेल, तर घेऊन जा त्याला. माझं त्याच्याशी भांडणच नाही!"

पास्टरांनी पुस्तक मिटलं. टोपी उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेले. पायऱ्यांवर त्यांचे बूट वाजत राहिले. कुणी त्यांच्यामागे गेलं नाही, कुणी एल्वानीजवळही आलं नाही. ओळ द्यायला आता माणूसच नव्हता.

तिने शवपेटीवर तळहात ठेवले आणि कुणी न देताच ओळ उचलली. "माझं लेकरू कुठे ठेवलंस?"

इतकं गोड आणि इतकं रागाने गायलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"ली जाणे, पोरी," नेरेस्तांकाका हळूच म्हणाले. मयताच्या घरी सगळे म्हणतात तसं.

एल्वानीने पेटीवर मूठ आपटली. "जाणे ना? मग बोलत का नाही?"

काका उठून उभे राहिले. त्यांचाही एक मुलगा समुद्रातच आहे. "मग बोलत का नाही?" ते गायले, बेसूर, घोगरे. मग क्लोमेन गायली. मग पुढचा बाक, मागचा बाक. हीच एक ओळ गात आम्ही सदऱ्याची पेटी टेकडी उतरून खाली नेली आणि पुरली.

आज प्रार्थनेला बसशील तेव्हा फेनेलचं नाव घे. हाक कुणालाही मार. पण उत्तर मागितल्याशिवाय उठू नकोस.