तीन कोरे सोमवार

वह्या पाच. अकरा वर्षांचे सोमवार. ओळी पाचशे चौऱ्याहत्तर.

दर सोमवारी सकाळी कमलबाई ब्राह्मणपुरीच्या विहिरीत दोरी सोडायची. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी, गाठींमधलं अंतर लेकीच्या शाळेतल्या पट्टीनं, शेवटच्या गाठीपुढचं उरलेलं मापही त्याच पट्टीनं. काठापासून पाणी किती खाली, ते ती वहीत लिहायची. तिची लेक रूपाली हिनं त्या वह्या एका फाइलीत उतरवल्या होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, खोली आणि मोजणारीचं नाव, मध्ये स्वल्पविराम. आता तिचा प्रोग्राम एकेक ओळ वाचून तारखेच्या मजकुराची खरी तारीख करत होता, खोलीच्या मजकुराचा खरा आकडा, आणि तिन्ही मिळून एक नोंद.

उद्या ही फाइल लोणखेड्याच्या कॉलेजात न्यायची होती. भूजलाच्या अभ्यासात ती घ्यायची की नाही, ते तिथले सर ठरवणार होते. "घरच्या वह्या आहेत," ते म्हणाले होते. "एक आकडा खोटा निघाला, तर बाकीचे कसे धरायचे?"

प्रोग्राम कुठेच अडला नाही. पडद्यावर रेघ उमटली. रूपालीनं आईला बोलावलं आणि सांगितलं, रेघ जितकी वर, तितकं पाणी काठाजवळ.

कमलबाईचं बोट रेघेवरून सरकत गेलं आणि एका उंचवट्यावर थांबलं.

"हाई काय शे?"

"मे महिना. तीन सोमवार. खोली शून्य."

"मे मा ईर काठोकाठ? मंग टँकर काय पोहाले येत व्हता?"

खाटेवर पडलेला धाकटा भाऊ भूपेश खो खो हसला. रूपालीनं फाइल उघडली. त्या तीन ओळींत तारीख होती, पुढची जागा रिकामी. रिकामं दिसलं तर शून्य धर, असं प्रोग्रामला तिनंच सांगून ठेवलं होतं.

"तवय मन्हा पाय प्लास्टरमा व्हता," कमलबाई म्हणाली. "तुन्हा बाप म्हने, मी मोजस. मी नही म्हटलं. दोन हातनं माप एक येत नही."

"ताई, आगला-मागला आकडा पाहीसन मधला टाकी दे ना," भूपेश म्हणाला. "सरले काय सपन पडी?"

"जे मोजं नही, ते लिखानं नही," कमलबाई म्हणाली.

रूपालीनं प्रोग्राममधली शून्याची ती ओळ खोडली. त्या जागी लिहिलं: खोली म्हणजे एक आकडा, किंवा 'मोजली नाही'. प्रोग्राम पुन्हा चालवला. मोजलेल्या ५७१, न मोजलेल्या ३.

दुसऱ्या दिवशी सरांची नजर नेमकी त्या तीन जागांवर गेली. त्यांनी कारण विचारलं. रूपालीनं पायाचं सांगितलं, मापाचंही सांगितलं. पुढच्या सोमवारी सर स्टीलची टेप घेऊन विहिरीवर हजर झाले. आधी कमलबाईनं दोरी सोडली, मग सरांनी टेप.

दोरी: ११.४ मीटर. टेप: ११.४२.