एकच माणूस, खालपतोर

"हजार माणसं लिहून घ्यायची सोडून एकच म्हणं. असला कसला करार," गेणबा जाळं शिवता शिवता जाळ्यालाच सांगत होता. ओट्यावर शेजारी बसलेल्या मिहिरला ते ऐकू गेलं. जावं म्हणूनच बोललेलं होतं.

मिहिर बारामतीचा. गूगलवर लोकांची दुकानं वर आणायची, हा त्याचा धंदा. ठरलेलं टार्गेट गाठलं तरच पुरते पैसे. पळसदेवहून कौसल्याबाईंचा फोन आला, तेव्हा त्याला वाटलं, त्यांच्या भिगवणच्या खानावळीचं काम असेल.

"खानावळीला गिऱ्हाईक हाय," कौसल्याबाई, म्हणजे गेणबाची बायको, म्हणाली. "कुणी 'युवराज पळसदेव' असं शोधलं, तर आपलं पान पहिलं यावं. आन् एका माणसानं ते खालपतोर वाचावं. एकानंच. मग तुमचं काम झालं."

युवराज त्यांचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. कुणी विचारलं तर गावाचं उत्तर ठरलेलं, मुंबईकडं असंल. घरात रोज तीन ताटं वाढली जात. मिहिर जेवायला थांबला की चौथं येई.

त्यानं पान केलं. वर युवराजचा होडीतला फोटो, मग त्याच्या खोड्या, मग त्याला आवडणारी चिलापी मासळी. शेवटची ओळ कौसल्याबाईंनी स्वतः टाइप केली. मिहिरनं ती वाचली आणि बराच वेळ पाण्याकडं बघत बसला.

चैत्रात पान पहिलं आलं.

"रोज दुपारी कुणीतरी उघडतंय, मावशी. इथलंच, तालुक्यातलं. फोटो बघून बंद करतंय. शेवटची ओळ वर घेऊ का? टार्गेट लगेच होईल."

"नगं. त्याचं त्याला जाऊ दे खाली."

"मी हवामान बघून येतो," म्हणत गेणबा रोजच्यासारखा फोन घेऊन काठाकडं गेला. घरात रेंज मिळत नसे.

पाणी रोज बोटभर उतरत होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचा आधी कळस दिसला, मग खांब. ऊन इतकं पांढरं, की लांबच्या होड्या हवेत टांगल्यासारख्या वाटत. मिहिरच्या मोबाइलवर तो अनोळखी माणूसही पुढं सरकत होता. खोड्यांपर्यंत आला. चिलापीपाशी आठ दिवस थांबला. मनातल्या मनात मिहिर त्याला युवराज म्हणू लागला होता.

देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, त्या दुपारी मिहिर ओट्यावरच होता. मोबाइल वाजला.

"मावशी, वाचलं. खालपर्यंत वाचलं."

कौसल्याबाईंनी तवा उतरवला, हात पुसले आणि दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

दारात गेणबा आला. पाय चिखलानं भरलेले, हातात फोन.

"कौसे, आजपास्नं दोनच ताटं वाढ," तो म्हणाला. "आपला युवराज बुडाला."