मायकेनच्या खुर्चीवर

दर ऑगस्टला आम्ही जुने मित्र टॉर्स्टेनच्या तळ्याकाठच्या घरी जमतो, डोक्यावर कागदी टोप्या घालतो आणि उकडलेले झिंगे खात बेसूर गातो. यंदा त्याची बायको मायकेन नव्हती. एप्रिलमध्ये ती वारली. तिच्या खुर्चीवर टॉर्स्टेनने एका अनोळखी बाईला आणून बसवलं.

"ही उल्रिका. आम्ही आता एकत्र राहतो."

बेंग्टने घाईघाईने गाणं सुरू केलं आणि एकटाच गात राहिला. तेवढ्यात सिव उठली. मायकेनची शाळेपासूनची मैत्रीण ती. तिने हातातला झिंगा टॉर्स्टेनच्या ताटात आपटला.

"लाज नाही वाटत? तिचे कपडे अजून कपाटात आहेत रे!"

"सिव, मला घर खायला उठतं."

"मग आम्ही काय मेलो होतो? दर रविवारी सूप घेऊन कोण येत होतं? वाढून कोण देत होतं?"

तिची कागदी टोपी घसरून कानावर आली होती, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

"तू मायकेनसाठी भांडतेयस, कळतंय मला," टॉर्स्टेन खाली मान घालून म्हणाला.

"मायकेनसाठी?" सिवचा आवाज फाटला. "मायकेनसाठी तर एकवीस वर्षं गप्प बसले मी, मूर्खा! आता हे एक वर्ष सरू दे म्हणून थांबले होते. तुला तेवढंही थांबता आलं नाही?"