आठचा भोंगा

सकाळी आठ वाजता बद्रीनाथने अ‍ॅम्प चालू केला आणि कीबोर्डवर साखर कारखान्याचा भोंगा वाजवला. चाळीस सेकंद, एकच सूर.

भोंगा झाला की ओसरीतल्या बाजेवर त्याचे वडील अर्जुनराव उठून बसत, टोपी घालत. आज ते उठले नाहीत.

दुष्काळात ऊस करपला, कारखाना बंद पडला, त्याला दोन वर्षं झाली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिथल्या बॉयलरवर तीस वर्षं राबलेल्या या माणसाला कुणी कळू दिलं नव्हतं. "कारखाना बंद पडला तर आधी मला उचला," असं ते म्हणायचे. म्हणून लेक दिवसातून दोनदा भोंगा व्हायचा. म्हाताऱ्याने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण भोंग्याचं ऐकायचा.

हाच लेक एके काळी पुण्यात रॉक बँडमध्ये होता. बावीस मिनिटांचं एकेक गाणं, त्यात सात वेळा लय बदलायची. कॅसेटवाले म्हणाले, पाच मिनिटांत बसवा. त्याने बसवलं. मग धारूरच्या बँजो पार्टीत तो तीन मिनिटांवर आला. डीजे आले आणि तेही गेलं. बावीस मिनिटांचं गाणं त्याने वडिलांना एकदाच ऐकवलं होतं. "ह्याच्यापरीस आमचा भोंगा गोड हाय," ते म्हणाले होते. ते अजून सलत होतं.

भोंग्यानंतर अ‍ॅम्प बंद करायला त्याचा हात उठत नसे. पट्ट्यांवर बोटं ठेवून तो नुसता बसे. वाजवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेवढा वेळ अर्जुनरावही घराच्या दाराकडे तोंड करून ताठ बसलेले असत.

"विमल, आबा उठले न्हाईत," तो बायकोला म्हणाला.

"बघते." धूळ बसू नये म्हणून काल रात्री अ‍ॅम्पवर टाकलेला टॉवेल ओढून विमलने हात पुसले आणि ती चहा घेऊन बाहेर गेली. अ‍ॅम्पचा लाल दिवा उघडा पडला.

बाज करकरली. म्हातारा उठला होता. बद्रीनाथने सुटकेचा श्वास सोडला.

अर्जुनराव सुनेशी हळू बोलायला गेले, पण बॉयलरवाल्याचं हळू बोलणंही चार घरांना ऐकू जातं.

"आता दिसला बग दिवा. त्याला सांगू नगं पोरी, कान गेले माजे. कारखान्याच्या बी आदी गेले. बंद झाल्याचा कागद तर सभासद म्हणून मलाच आलता. पर लाल दिवा लागला की कळतं, बद्री त्याचं ते लांब गाणं वाजवतुय. मागं लई टाकून बोललो व्हतो. आता दिवा इजंपतूर समदं ऐकत बसतो."