ब्रीदरची नळी

मनकर्णा जुन्या टायरवर बसली ती उठायचं नावच घेईना. शेवगावबाहेरच्या बन्सी मिस्त्रीच्या गॅरेजात बायामाणसं सहसा येत नसत, आणि आलीच तर नवऱ्याच्या मागं उभी राहत. ही पुढं बसली होती आणि नवरा मागं उभा होता, तोंडाला पंचा लावून खोकत.

गहिनीनाथाचा खोकला दिवाळीपासूनचा. दुष्काळी कामांवर तो ट्रकनं धान्य पोचवायचा. मालक राधाकृष्ण शेट तसे भले गृहस्थ, पण तेही आता बिचकले होते. सोमवारपर्यंत खोकला थांबला नाही तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसेल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. नगरच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, त्यात क्षय निघाला नाही. पण फोटो काय गावभर दाखवत हिंडायचा? गावानं आपला आजार ठरवून टाकला होता.

फोटोच्या वेळी मनकर्णाही ट्रकमधूनच नगरला गेली होती. येताना गिअरच्या दांड्यापाशी, पायाखालच्या फटीतून निळसर धूर वर येताना तिनं पाहिला. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बन्सीनं तिला नीट समजावून सांगितलं. इंजिनाच्या पोटात धूर साठतो. तो बाहेर पडायला कंपनीनंच केबिनच्या खाली तोंड असलेली एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. इंजिन म्हातारं झालं की धूर वाढतो. खरा उपाय म्हणजे इंजिन खोलायचं, पण दुष्काळ सरल्याशिवाय शेट गाडी उभी करणार नाहीत. मग नळीला बोळा लावा, असं काही मनकर्णा म्हणाली नाही. तो शहाणपणा गहिनीनाथानं आधीच करून पाहिला होता. चिंधीचा बोळा कोंबला, आणि श्वास कोंडलेल्या इंजिनानं दुसऱ्या वाटेनं भळाभळा तेल ओकलं. तेव्हा बन्सीनं त्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं.

"बुजवू नका म्हन्ते मी," मनकर्णा म्हणाली. "लांब न्या."

अठरा वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाला एका बाईनं नळी कुठं सोडावी ते सांगायचं, याची बन्सीला गंमतही वाटली आणि रागही आला. कंपनीची माणसं काही येडी नाहीत, एवढं बोलून तो हातातल्या पान्याकडं वळला.

तेव्हा ती उठली. उठताना तिला ठसका लागला; गॅरेजात धूळ होतीच. पदरानं तोंड पुसून ती ट्रकमध्ये चढली, दोन्ही काचा वर करून खाली उतरली आणि दार धरून उभी राहिली.

"बसा मिस्त्री. इंजिन चालू करा. पाच भाकरी भाजायला लागतो तेवढाच येळ. मी हितंच हाय."

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. बन्सीला बसावंच लागलं. पहिल्या भाकरीला तो काचेतून हसला. तिसरीला त्यानं डोळे पुसले. पाचवीपर्यंत काही तो थांबला नाही.

बाहेर येऊन तो थुंकला, उकिडवा बसला आणि बराच वेळ गाडीखाली बघत राहिला. गाड्या त्यानं ढिगानं दुरुस्त केल्या होत्या, पण चालवायच्या त्या गॅरेजच्या दारापर्यंत, काचा खाली करून. हिवाळ्याच्या पहाटे काचा लावून पाथर्डीपर्यंत तो कशाला जातोय?

"ह्यात बसून मी कदी बघितलंच न्हाई वहिनी," तो म्हणाला. "चूक माजी हाय."

मग मात्र त्यानं हात आखडता घेतला नाही. विहीर आटलेल्या एकानं पाण्याच्या इंजिनाचा लोखंडी पाइप गॅरेजात टाकून दिला होता, तो काढला. ब्रीदरला रबरी नळी, तिला तो पाइप, आणि पाइप थेट केबिनच्या मागं, चाकापलीकडं नेला. बांधून झाल्यावर बघतो तर मधे झोळ आलेला. झोळात तेल साठलं की पुन्हा श्वास कोंडणार. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं सगळं सोडलं आणि सारखा उतार देत पहिल्यापासून बांधलं. यात दुपार कलली, त्याची भाकरी फडक्यातच राहिली.

गहिनीनाथानं काचा लावून इंजिन चालू केलं. या वेळी दहा भाकऱ्यांचा वेळ गेला. बन्सीनं फटीवर हात धरून पाहिला, नाक लावून पाहिलं. काही नाही. गाडीच्या मागं मात्र पाइपच्या तोंडातून निळी रेघ निघत होती. छाती निवळायला दिवस लागतील, पण सोमवारी शेटला ह्याच केबिनात काचा लावून बसवतो, असं बन्सीनं सांगितलं. गहिनीनाथानं तोंडावरचा पंचा काढून गळ्यात टाकला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा अख्खा दिसला.

मग मनकर्णाला बघायचं होतं. ती वर चढून नवऱ्याशेजारी बसली. दार लावून घेतलं. डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"आता न्हाई," ती म्हणाली, आणि तिला खोकला आला. छातीच्या तळातून आलेला, वाकवून टाकणारा. तो चांगला दोन-तीन मिनिटं चालला. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि रोजच्यासारखी सरळ बसली.

केबिनात धूर नव्हता. धूळही नव्हती. गहिनीनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

बन्सी पायरीवर उभा होता. उरलेला पाइप त्याच्या हातात होता, असेल चार-पाच हात.

"गहिनी," त्यानं विचारलं, "तुज्या घरी चूल कुटल्या भितीला हाय?"

बारा वर्षं त्या चुलीवरची भाकरी खाल्लेल्या गहिनीनाथाला सांगता येईना. तो बायकोकडं बघत राहिला.