तीनशे तेरावा फोटो

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी टोकावड्याचे धर्माकाका आले आणि त्यांनी रुमालातून पंधरा वर्षांपूर्वीचा स्मार्टफोन काढला. दहा महिन्यांपूर्वी त्यांची बायको गीताबाई वारली. तिचा एकच फोटो त्या फोनात होता, तो त्यांना नव्या फोनात हवा होता.

या फोनात आता व्हॉट्सॲप चालत नाही. ब्लूटूथही नव्या फोनाशी जुळेना. मग फोटो मेमरी कार्डावर घ्यावा म्हणून मी गॅलरी उघडली. तिथं तीनशे बारा फोटो होते.

पहिला गीताबाईंचा, ओट्यावर बसून हसताना. बाकी सगळे धर्माकाकांचे. चेहरा अगदी जवळून, रोज सकाळी सातचा.

"काका, हे कुणी काढले?"

"कोण काढणार गो? घरात दुसरं कोण नाय. फोन चालू केला का समोर तीच असते. चहा घेताना बघतो, तेवढंच."

मी फोन उलटसुलट करून पाहिला. कॅमेरा फक्त मागच्या बाजूला होता. पुढे नुसती काच.

मी पुन्हा गीताबाईंचा फोटो उघडला आणि बराच वेळ बघत राहिले. तो बंद केला, तेव्हा आकडा तीनशे तेरा झाला होता. शेवटच्या फोटोत मी होते. आजचीच हिरवी ओढणी, कपाळाला आठी.

काकांनी तो पाहिला. मग स्वतःचे एकेक करून सगळे पाहिले.

"नव्या फोनात गेल्यावर," त्यांनी हळूच विचारलं, "तिला असे फोटो काढता येतील ना गो?"